हास्यातून समाजप्रबोधन करणारे ‘कलैवाणर’ एन. एस. कृष्णन

सप्टेंबर २०२० मध्ये कोरोना महामारीमुळे तमिळनाडू विधानसभेला आपले नेहमीचे सभागृह सोडावे लागले. सदस्यांमध्ये पुरेसे अंतर राखता यावे, यासाठी अधिवेशन चेन्नईतील कलैवाणर अरंगम या प्रशस्त सभागृहात भरविण्यात आले. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर काही वर्षे विधानसभेचे कामकाज याच जागेवरील जुन्या इमारतीत चालत असे. नंतर ही वास्तू रंगमंदिर म्हणून वापरात आली आणि तिला एका विनोदी नटाचे नाव देण्यात आले. जुनी इमारत पाडून बांधलेले नवे सभागृह २०१६ मध्ये खुले झाले, तरी नाव मात्र तेच राहिले.

हे नाव नागरकोविल सुडलैमुत्तू कृष्णन, म्हणजेच एन. एस. कृष्णन यांचे. कलैवाणर ही त्यांना मिळालेली उपाधी असून कलेत पारंगत असलेला, असा तिचा आशय आहे. अवघ्या ४८ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक चित्रपटांत काम केले, स्वतःची नाटक मंडळी चालविली, चित्रपट दिग्दर्शित केले आणि एका गाजलेल्या खून खटल्यात जन्मठेपेची शिक्षा होऊन सुमारे अडीच वर्षे तुरुंगवासही भोगला. तमिळ चित्रपटातील विनोदाला विचारांची बैठक देणारे कलावंत म्हणून त्यांचे स्थान आजही अढळ आहे.

गरिबीत गेलेले बालपण

कृष्णन यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९०८ रोजी नागरकोविलजवळच्या ओळुगिनचेरी येथे झाला. हा तमिळभाषक प्रदेश त्या काळी त्रावणकोर संस्थानात मोडत असे. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्याने चौथीनंतर त्यांचे शिक्षण सुटले. टेनिसच्या मैदानावर चेंडू गोळा करून देणे, किराणा दुकानात पुड्या बांधणे, नाटकाच्या तंबूत सोडा आणि मुरुक्कू विकणे अशी मिळेल ती कामे त्यांनी केली. सोड्याच्या बाटल्या घेऊन प्रेक्षकांमधून फिरताना रंगमंचावरील प्रत्येक हालचाल ते टिपत होते.

नागरकोविलच्या परिसरात विल्लुपाट्टू हा लोककलाप्रकार पूर्वापार प्रचलित आहे. घुंगरू बांधलेले लांबलचक धनुष्य जमिनीवर ठेवून मुख्य गायक त्याच्या दोरीवर काठीने ताल धरतो व गात-सांगत कथा पुढे नेतो. सोबतीला मातीचा घट आणि उडुक्कै हे डमरूसारखे वाद्य असते. पोवाड्यातील झीलकऱ्यांप्रमाणे येथेही साथीदार मुख्य गायकाच्या प्रत्येक वाक्याला होकार भरतात, मध्येच शंका विचारतात आणि कथेला गती देतात. कृष्णन यांनी तरुण वयातच ही कला आत्मसात केली. सवाल-जवाबाच्या अंगाने, श्रोत्याला सामील करून घेत एखादा विषय समजावून सांगण्याची जी हातोटी पुढे त्यांच्या चित्रपटांत दिसून आली, तिचे मूळ या धनुष्यगीतात आहे.

त्या काळी तमिळ प्रदेशात केवळ मुलांना घेऊन नाटके करणाऱ्या बॉइज कंपन्या लोकप्रिय होत्या. टी. के. एस. बंधूंच्या श्री बाल षण्मुगानंद सभेत कृष्णन दाखल झाले. शिस्त कडक, प्रवास अखंड आणि मोबदला तुटपुंजा, असे हे जीवन होते. मात्र कोणतीही भूमिका ऐनवेळी निभावून नेण्याची तयारी त्यांना याच रंगमंचाने दिली.

मुंबई आणि पुण्याशी जुळलेला धागा

बोलपटांचा जमाना सुरू झाला तेव्हा मद्रासमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असलेले स्टुडिओ नव्हते. पहिला स्टुडिओ १९३४ मध्ये उभा राहिला, तरीही त्यानंतर काही वर्षे तमिळ चित्रपटांचे चमू मुंबई, पुणे आणि कलकत्त्याच्या वाऱ्या करीत असत. टी. के. एस. बंधूंच्या नाटकावर आधारित ‘मेनका’ हा चित्रपट १९३५ मध्ये प्रदर्शित झाला. मुंबईच्या मूकपटसृष्टीत नाव मिळविलेले राजा सँडो त्याचे दिग्दर्शक होते. कृष्णन पडद्यावर आले ते या चित्रपटातून.

पुढच्याच वर्षी अमेरिकन दिग्दर्शक एलिस आर. डंगन यांचा ‘सती लीलावती’ झळकला. एस. एस. वासन यांच्या कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटात कृष्णन यांनी आपले विनोदी प्रसंग स्वतः रचले होते. एका छोट्याशा भूमिकेतून याच चित्रपटात पदार्पण करणारा एक तरुण नट पुढे राज्याचा मुख्यमंत्री झाला. त्याचे नाव एम. जी. रामचंद्रन. कृष्णन यांना रामचंद्रन यांनी आयुष्यभर वडीलधाऱ्या मार्गदर्शकाचा मान दिला.

१९३६ मधील ‘वसंतसेना’ या चित्रपटाच्या निमित्ताने कृष्णन पुण्याला गेले. याच चित्रपटात काम करणाऱ्या अभिनेत्री टी. ए. मदुरम यांच्याशी त्यांचा परिचय या प्रवासात झाला. पुण्याच्या मुक्कामात चमूकडील पैसे संपले, तेव्हा मदुरम यांच्याकडून उसने घेऊन कृष्णन यांनी वेळ निभावून नेली, असे सांगितले जाते. दोघांचा विवाहही पुण्यातच झाला. कृष्णन यांचे पहिले लग्न आधीच झाले होते आणि ही गोष्ट मदुरम यांना उशिरा समजली. त्यातून उद्भवलेला तणाव कालांतराने निवळला. त्यांची एकुलती एक कन्या तान्हेपणीच दगावली. पुढे कृष्णन यांनी मदुरम यांच्या धाकट्या बहिणीशीही विवाह केला. या कौटुंबिक गुंतागुंतीतूनही कृष्णन आणि मदुरम यांची पडद्यावरील जोडी अभंग राहिली.

विनोदाची स्वतंत्र पाती

मदुरम या नायकाच्या विदूषक मित्राला साथ देणाऱ्या दुय्यम अभिनेत्री नव्हत्या. कृष्णन फुशारकी मारीत आणि मदुरम ती फुशारकी एका वाक्यात उतरवून ठेवीत. नवरा-बायकोच्या या नोकझोकीत बहुधा बायकोचेच म्हणणे खरे ठरत असे. स्त्रीला पडद्यावर केवळ सोशिक पत्नी किंवा मोहिनी म्हणून दाखविण्याच्या त्या काळात ही गोष्ट निश्चितच वेगळी होती.

कृष्णन यांनी विनोदाची एक नवी कार्यपद्धती रूढ केली. मूळ कथेपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असलेले विनोदी उपकथानक ते स्वतः लिहीत आणि आपल्या कलाकारांच्या संचाकडून बसवून घेत. निर्माते हे तयार प्रसंग आपल्या चित्रपटात गुंफत. चित्रपट पौराणिक असो वा ऐतिहासिक, कृष्णन यांची पात्रे मात्र रोजच्या जगण्यातलीच भाषा बोलत. एम. के. त्यागराज भागवतर यांच्यासोबतचे ‘अंबिकापती’ (१९३७), ‘तिरुनीलकंठर’ (१९३९), ‘अशोककुमार’ (१९४१) आणि ‘शिवकवी’ (१९४३) हे चित्रपट या काळातले. १९४४ च्या दिवाळीत प्रदर्शित झालेला ‘हरिदास’ मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात तीन दिवाळ्या पाहीपर्यंत चालला. त्यातही कृष्णन आणि मदुरम यांची जोडी होती.

त्यांच्या विनोदाचा रोख माणसावर नसे, माणसाच्या अज्ञानावर असे. अंधश्रद्धा, जातिभेद, दारूचे व्यसन, सावकारी आणि दांभिकपणा यांची ते खिल्ली उडवीत. मात्र समोरच्या प्रेक्षकाला आपला अपमान झाला असे वाटू नये, याची दक्षता घेत. मूर्खपणाची भूमिका ते प्रायः स्वतःकडेच घेत, म्हणजे प्रेक्षक त्यांना हसता हसता स्वतःकडे पाहू लागत. कवी उडुमलै नारायण कवी यांची गीते त्यांच्या या कामी आली. विज्ञानाची महती सांगणाऱ्या एका गीतात बटण दाबताच इडली आणि कॉफी समोर येईल, अशा यंत्राचे स्वप्न रंगविले आहे. विज्ञानाची पुस्तके न वाचलेल्या श्रोत्यालाही त्यातील आशय नेमका समजला.

लक्ष्मीकांतन खून खटला

कीर्तीच्या शिखरावर असतानाच कृष्णन यांच्यावर मोठे संकट कोसळले. सी. एन. लक्ष्मीकांतन हे मद्रासमधील पत्रकार आपल्या साप्ताहिकातून चित्रपट कलावंतांच्या खासगी आयुष्याविषयी बदनामीकारक मजकूर छापत असत. कलावंतांनी गव्हर्नरांकडे तक्रार केल्यानंतर त्यांचे ‘सिनेमा तूतू’ हे पत्र बंद पडले. मात्र ‘हिंदू नेसन’ या दुसऱ्या पत्रातून त्यांनी हाच प्रकार पुढे चालू ठेवला. ८ नोव्हेंबर १९४४ रोजी मद्रासच्या वेपेरी भागात त्यांच्यावर चाकूहल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

या प्रकरणी पोलिसांनी भागवतर, कृष्णन आणि दिग्दर्शक एस. एम. श्रीरामुलू नायडू यांच्यासह काही जणांना अटक केली. हत्येचा कट रचल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. तमिळ चित्रपटसृष्टीतील सर्वांत लोकप्रिय गायक-नट आणि सर्वांत लोकप्रिय विनोदी नट एकाच वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्याने संपूर्ण प्रांतात खळबळ उडाली. मद्रास उच्च न्यायालयात ज्यूरीसमोर खटला चालला. श्रीरामुलू नायडू यांची निर्दोष मुक्तता झाली. भागवतर व कृष्णन यांना मात्र ज्यूरीने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने दोषी ठरविले. मे १९४५ मध्ये न्यायमूर्ती मॉकेट यांनी त्यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले.

यानंतर प्रकरण लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. प्रिव्ही कौन्सिलने फेरसुनावणीचा आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयात झालेल्या या सुनावणीत नामवंत वकील व्ही. एल. एतिराज यांनी आरोपींची बाजू मांडली. पुराव्यातील विसंगती ग्राह्य धरून न्यायालयाने एप्रिल १९४७ मध्ये शिक्षा रद्द केली आणि कृष्णन व भागवतर यांची मुक्तता झाली. लक्ष्मीकांतन यांची हत्या नेमकी कोणी केली, याचा उलगडा अखेरपर्यंत झाला नाही.

मदुरम यांचा लढा

ही सुमारे अडीच वर्षे मदुरम यांनी एकाकीपणे झुंज दिली. न्यायालयीन खर्चासाठी साठविलेली संपत्ती वेचावी लागली. नव्या चित्रपटांचे काम थांबले. कृष्णन यांच्यावर अवलंबून असलेल्या कलाकारांचा प्रश्नही उभा राहिला. अशा वेळी ज्येष्ठ नट एस. व्ही. सहस्रनामम यांच्या साहाय्याने एन. एस. के. नाटक सभा कार्यरत राहिली. तिने रंगभूमीवर आणलेल्या ‘पैत्तियक्कारन’ या नाटकाला प्रेक्षकांचा चांगला प्रतिसाद लाभला. या नावाचा अर्थ वेडा माणूस. या नाटकावर कृष्णन-पंजू या दिग्दर्शकद्वयाने चित्रपट केला. तो १९४७ मध्ये प्रदर्शित होण्यापूर्वीच कृष्णन तुरुंगातून बाहेर आले आणि त्यांच्यासाठी त्यात खास प्रसंग समाविष्ट करण्यात आले.

प्रेक्षकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. त्याच वर्षी ज्येष्ठ नाटककार पम्मल संबंद मुदलियार यांच्या हस्ते त्यांना कलैवाणर ही उपाधी प्रदान करण्यात आली. भागवतर यांना मात्र गतवैभव पुन्हा प्राप्त झाले नाही. पूर्वीचे यश त्यांच्याकडे फिरकले नाही आणि १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. एकाच खटल्यातून सुटलेल्या दोन मित्रांच्या वाट्याला अशी भिन्न प्रारब्धे आली. कृष्णन यांनीही तुरुंगात आयुष्यातील उमेदीचा काळ गमावला होता. त्यांच्या पुढील कामात मात्र कोणाविषयीही कडवटपणाचा लवलेश आढळत नाही.

किंदनची कथा

सुटकेनंतरचा कृष्णन यांचा विनोद अधिक थेट झाला. १९४९ मध्ये सी. एन. अण्णादुराई यांनी लिहिलेला ‘नल्ल तंबी’ पडद्यावर आला. हॉलिवूडमधील एका चित्रपटावर बेतलेल्या या कथेत कृष्णन नायक होते. त्यातील ‘किंदनार’ हे आख्यान विशेष गाजले.

तमिळ परंपरेत नंदनार या शिवभक्ताची कथा सर्वश्रुत आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेला नंदन चिदंबरमच्या देवळात नटराजाच्या दर्शनाची आस धरतो. मराठी वाचकाला येथे चोखोबांची आठवण येणे स्वाभाविक आहे. गोपालकृष्ण भारती यांनी १९ व्या शतकात ही कथा गेय आख्यानात बांधली आणि कथाकालक्षेप करणारे भागवतर ती गावोगाव सांगू लागले. कथाकालक्षेप हा प्रकार तमिळ भूमीत विकसित होण्यामागे तंजावरच्या मराठी राजवटीत रुजलेल्या मराठी कीर्तनाचा मोठा वाटा आहे.

कृष्णन यांनी हाच साचा घेतला आणि नंदनच्या जागी किंदन आणला. किंदनला देवळात जायचे नाही, त्याला शाळेत जायचे आहे. गावात शिक्षणाची दारे बंद असल्याने तो शहराची वाट धरतो. त्याला घेऊन जाणाऱ्या आगगाडीवर एक गीत आहे. सर्व जातींच्या माणसांना एकाच डब्यात बसविणाऱ्या या गाडीचे त्यात कौतुक केले आहे. किंदन शिकतो, शाळा तपासनीस होतो आणि अधिकारी म्हणून गावात परततो. मूळ आख्यानातील भक्तिभावाची टवाळी न करता कृष्णन यांनी श्रोत्यांसमोर ज्ञानाच्या मंदिराचा प्रश्न उभा केला. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर होण्याच्या सुमारासच हा चित्रपट आला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या विवेकवादाचा प्रभाव कृष्णन यांच्यावर होता. त्याचबरोबर महात्मा गांधींविषयी त्यांच्या मनात नितांत आदर होता. गांधीजींची जीवनकथा त्यांनी विल्लुपाट्टूच्या माध्यमातून लोकांपर्यंत नेली आणि नागरकोविल येथे स्वखर्चाने गांधी स्मारक उभारले. परस्परविरोधी मानल्या जाणाऱ्या या दोन विचारप्रवाहांमधील जे जे सामान्य माणसाच्या हिताचे, ते त्यांनी निःसंकोचपणे स्वीकारले.

दिग्दर्शन आणि अखेरची वर्षे

देशभरातील प्रेक्षकांना कृष्णन यांची ओळख होण्याची एक संधी १९४८ मध्ये आली होती. एस. एस. वासन यांच्या भव्य ‘चंद्रलेखा’मध्ये कृष्णन आणि मदुरम यांच्या भूमिका होत्या. परंतु देशभर गाजलेल्या हिंदी आवृत्तीत त्यांच्याऐवजी अन्य कलावंतांची योजना करण्यात आली. भाषेच्या खुबीवर उभा असलेला विनोद दुसऱ्या भाषेत नेणे अवघड असते. त्यामुळे तमिळ प्रदेशाबाहेर हे नाव फारसे पोहोचू शकले नाही.

१९५१ मध्ये त्यांनी ‘मणमगळ’ दिग्दर्शित केला. त्याचे संवाद एम. करुणानिधी यांचे होते आणि पद्मिनी यांना तमिळ पडद्यावर नायिका म्हणून संधी देणारा हा चित्रपट ठरला. त्याच वर्षी भारतीय चित्रपट कलावंतांच्या शिष्टमंडळासमवेत त्यांनी सोव्हिएत संघाचा दौरा केला. १९५२ च्या ‘पणम’मध्ये शिवाजी गणेशन नायक होते. या चित्रपटासाठी विश्वनाथन आणि राममूर्ती या दोन तरुण संगीतकारांना त्यांनी एकत्र आणले. हिंदी चित्रपटातील शंकर-जयकिशन यांच्या यशावरून त्यांना ही जोडी सुचली, असे सांगितले जाते. पुढील दशकभर या जोडीने तमिळ चित्रपट संगीतावर राज्य केले.

अण्णादुराई, करुणानिधी आणि रामचंद्रन या तिन्ही भावी मुख्यमंत्र्यांशी कृष्णन यांचा निकटचा संबंध होता. स्वतः मात्र ते सत्तेच्या वाटेला गेले नाहीत. १९५७ च्या निवडणुकीत कांचीपुरम येथे अण्णादुराई यांच्यासाठी त्यांनी केलेल्या प्रचाराचा एक किस्सा तमिळनाडूत आवर्जून सांगितला जातो. अण्णादुराई यांचे प्रतिस्पर्धी गावातील लोकप्रिय डॉक्टर होते. कृष्णन यांनी भाषणात त्या डॉक्टरांची मनसोक्त स्तुती केली. इतका चांगला डॉक्टर मद्रासला पाठवून दिला तर गावातील रुग्णांनी काय करायचे, असा प्रश्न त्यांनी शेवटी विचारला आणि म्हणून अण्णादुराई यांनाच मद्रासला पाठवावे, असे आवाहन केले. प्रतिस्पर्ध्याविषयी एकही वावगा शब्द न उच्चारता त्यांनी आपले म्हणणे लोकांना पटवून दिले. या निवडणुकीत अण्णादुराई विजयी झाले.

कृष्णन यांची दानशूरता ही त्यांच्या अभिनयाइतकीच प्रसिद्ध होती. दारी आलेला याचक रिकाम्या हाताने परत जात नसे. त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत जागोजागी धर्मादाय खर्चाची नोंद पाहून प्राप्तिकर अधिकाऱ्याला संशय आला. तो ओळख लपवून मुलीच्या लग्नासाठी मदत मागायला गेला आणि त्यालाही मदतीचे आश्वासन मिळाले, अशी आख्यायिका आहे. कमाई मोठी असूनही अखेरच्या काळात त्यांच्याकडे फारसे काही उरले नव्हते.

१९५६ च्या ‘राजा राणी’मध्ये त्यांनी हास्याचे नाना प्रकार सादर करणारे गीत गायले. ते आजही तमिळ रसिकांच्या स्मरणात आहे. त्याच वर्षी आलेल्या ‘मदुरै वीरन’ या चित्रपटालाही मोठे यश मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेनुसार नागरकोविलचा परिसर मद्रास राज्यात समाविष्ट झाला आणि कृष्णन यांचे जन्मगाव तमिळ राज्याचा भाग बनले. त्यानंतर वर्षभराच्या आत, ३० ऑगस्ट १९५७ रोजी, मद्रास येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात काही आठवड्यांनी ‘अंबिकापती’ची नवी आवृत्ती प्रदर्शित झाली. तिच्यातही त्यांची भूमिका होती. मदुरम यांचे निधन १९७४ मध्ये झाले.

चेन्नईच्या त्यागरायनगर भागात कृष्णन यांचा पुतळा आहे. १४ जानेवारी १९६९ रोजी, पोंगलच्या दिवशी, तत्कालीन मुख्यमंत्री अण्णादुराई यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. अण्णादुराई त्या वेळी कर्करोगाने गंभीर आजारी होते, तरीही आपल्या दिवंगत मित्रासाठी ते समारंभाला उपस्थित राहिले. हा त्यांचा अखेरचा सार्वजनिक कार्यक्रम ठरला. ३ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले.